मार्जाराचा अपराध

संस्कृतांत मांजराला 'मार्जार' म्हणतात. 'मृज्' म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, या धातूशीं या शब्दाचा संबंध लावतात. दिवसाचा बराच वेळ अंग चाटून निर्मळ राहणाऱ्या आणि आपली घाण मातीखालीं झांकणाऱ्या या प्राण्याला याहून अन्वर्थक नांव सांपडणें कठीण. असा प्राणी ज्या दिवशीं आपली वाळूची पेटी सोडून घरांत भलतीकडे लघवी करूं लागतो, त्या दिवशीं घरच्यांनीं रागावण्याआधीं चकित व्हावयास हवें. बहुधा घडतें तें उलट.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. त्यांत मण्या नांवाचा पांच वर्षांचा बोका. गेल्या श्रावणांत त्यानें प्रथम एक गोधडी भिजविली, मग धाकट्या सुनेचें अंथरूण, आणि चौथ्या दिवशीं देवघराशेजारीं घडी करून ठेवलेली सोवळ्याची धाबळी. वहिनींनीं पूजा अर्ध्यावर थांबवून मला निर्वाणीचें सांगितलें, "भाऊजी, या घरांत एक तर देव राहतील, नाहीं तर तो बोका." पुतण्यानें लगेच मार्ग सुचविला, कीं पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावें. नात मात्र मण्याला पोटाशीं धरून जिन्यांत बसली होती आणि कोणाशींच बोलत नव्हती.

तीस वर्षें शाळेंत काढल्यामुळें मला एक संवय जडली आहे. वर्गांतला गुणी मुलगा एकाएकीं बिघडला, तर छडीपूर्वीं त्याच्या घरची चौकशी करावयाची. मीं म्हटलें, "शिक्षा खुशाल द्या, पण चौकशी झाल्यावर." शिवाय, उपासमारीनें हाल होतील अशा तऱ्हेनें जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें अपराध आहे, हेंही पुतण्याच्या कानावर घातलें.

चौकशींतला पहिला प्रश्न असा, कीं ही लघवी कीं फवारणी? उभ्यानें, शेपटी ताठ करून भिंतीवर उडविलेली धार ही आपल्या हद्दीची खूण असते. खच्ची न केलेल्या बोक्यांत ती विशेष दिसते, आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत ती थांबते. मण्याची शस्त्रक्रिया पूर्वींच झालेली होती, आणि तो बसूनच, सपाट व मऊ जागीं करीत होता. म्हणजे हा हद्दीचा तंटा नव्हता.

दुसरा प्रश्न शरीराचा. त्याच दुपारीं मी पेटीजवळ खुर्ची टाकून बसलों. मण्या वारंवार येई, बसून जोर करी, कण्हे, आणि दोन थेंब होतांच उठे. संध्याकाळच्या आंत त्याला पशुवैद्यांकडे नेलें. मूत्राशयाला दाह झाला होता व लघवींत स्फटिक दिसत होते. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. ती पुरती तुंबली, तर एक-दोन दिवसांत त्याच्या प्राणावर बेततें. नदीपलीकडच्या त्या पोत्याचा अर्थ काय झाला असता, हें पुतण्याला समजावून सांगावें लागलें नाहीं. पेटींत बसलें कीं दुखतें, एवढेंच मण्याला कळत होतें. म्हणून तो दुसरी जागा शोधीत होता.

तिसरा प्रश्न पेटीचा. पाळीव मांजराचे पूर्वज रुक्ष प्रदेशांतले. म्हणून मांजर पाणी कमी पितें, त्याचें मूत्र दाट असतें, आणि त्याला बारीक, मोकळी वाळू रुचते. अमेरिकेंत पूर्वीं पेटींत राख किंवा वाळू घालीत. १९४७ सालीं मिशिगन प्रांतांत एडवर्ड लो या गृहस्थानें मुलतानी मातीच्या जातीचे दाणे त्यासाठीं विकण्यास आरंभ केला. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, सुवासिक वाळू टाळावी, घाण रोज काढावी, आणि जितकीं मांजरें त्याहून एक पेटी अधिक ठेवावी. आमची पेटी घरच्या आवराआवरींत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारीं गेली होती. ती माडीवरच्या शांत कोपऱ्यांत हलविली आणि दुसरी जिन्याखालीं ठेवली. औषधासोबत ओलसर अन्न सुरू केलें व पाण्याचीं भांडीं तीन ठिकाणीं मांडलीं.

भिजलेली जागा पुसण्यास अमोनिया असलेला द्रव वापरूं नये. त्याचा वास लघवीसारखा वाटून मांजर पुन्हां तेथेंच येऊं शकतें. विकरयुक्त द्रवानें वास मुळांतून जातो. आणि नाक घासणें, चापट मारणें हे उपाय तर कटाक्षानें टाळावे. भीतीनें व मनस्तापानें मूत्राशयाचा हा दाह बळावतो.

भाद्रपद लागेपर्यंत घर कोरडें झालें. वहिनींनीं धाबळी धुऊन उंच दांडीवर टाकली. क्षमा केल्याचें त्या बोलल्या नाहींत, परंतु स्वयंपाकघराजवळचें पाण्याचें भांडें आतां त्याच भरतात.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांनीं प्रथम अपराध्याची प्रकृति पाहावी, मग त्याची पेटी, आणि शेवटीं त्याचा स्वभाव. बोका पुनःपुन्हां जोर करीत असून लघवी होत नसेल, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. रात्रींच पशुवैद्यांचें दार ठोठवावें.