धुराकडून पानाकडे

चिरूट ओढणाऱ्या माणसाची आवड वयाबरोबर पालटते हे सर्वमान्य आहे. मात्र त्या पालटाचे जे कारण शौकीन मंडळी सांगतात, की जीभ मुरत जाते, तिला सूक्ष्म भेद कळू लागतात आणि म्हणून माणूस हलका माल टाकून भारी मालाकडे वळतो, ते मला कधीच पुरते पटलेले नाही. जीभ वयाबरोबर शहाणी होते यावर माझा विश्वास नाही. आपण तंबाखूपाशी जे मागावयास जातो ते मागणेच बदलत असते, आणि चव त्या मागण्याच्या मागोमाग चालते.

धारेस आमच्या पिढीला चिरुटाची ओळख झाली ती महूच्या छावणीमुळे. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली, वसलेल्या त्या छावणीत गोऱ्या अंमलदारांसाठी जो माल उतरे, त्यातला काही आसपासच्या संस्थानांतील मातब्बरांच्या बैठकीपर्यंत झिरपत येई. त्यातही त्रिचनापल्लीच्या काळ्या, दोन्ही तोंडे कापलेल्या चिरुटाचा दरारा मोठा. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कथेत गुन्हेगाराने ओढलेला चिरूट नुसत्या राखेवरून ओळखला जातो, तो हाच. या चिरुटाने पहिल्या चार झुरक्यांत कपाळाला घाम फुटे, जीभ चुरचुरे, डोळ्यांपुढची भिंत किंचित हलल्यासारखी वाटे. आणि नेमके तेच आम्हांस हवे असे. विशीतल्या माणसाला तंबाखूची चव नको असते, तिची हुकमत हवी असते. आपण प्रबळ गोष्टीशी झुंज घेतली आणि उभे राहिलो, एवढी साक्ष त्याला पुरते.

ही झुंज संपते ती शरीराला निकोटीनची सवय झाल्यामुळे. घाम फुटेनासा झाला, की प्रथमच माणसाला आपण काय ओढत आहोत याची चौकशी करावीशी वाटते. माझ्या आयुष्यातला तो चौकशीचा काळ मोठा रम्य होता. तंबाखूच्या झाडाचा शेंडा शेतकरी खुडून टाकतो, तो सारा जोर पानांत उतरावा म्हणून. वरच्या पानांना ऊन अधिक मिळते, ती जाड, चिकट आणि जहाल होतात, तर तळची पातळ पाने चवीला सौम्य पण जळावयास सुलभ असतात. आणि चिरूट बांधणारा कारागीर जहाल पानास या सुलभ पानांची जोड देतो, तेव्हा कुठे चिरूट अखेरपर्यंत सरळ जळतो, हे सारे कळू लागल्यावर धुरातही एक रचना जाणवू लागली. पोटातली भरण, तिला धरून ठेवणारे पान आणि बाहेरचे नितळ वेष्टन, या तिहींपैकी वेष्टनाचा वाटा वजनात सर्वांत अल्प. तरी ओठांना आणि नाकाला प्रथम भेटते ते तेच. गोदावरीच्या पात्रातील बेटांवर पिकणारी लंका तंबाखू आणि दिंडिगलकडची तंबाखू यांतील फरक मी त्या काळी तासन्‌तास बोलून सिद्ध करीत असे. धूर छातीत न घेता तोंडात खेळवावयाचा, थोडा नाकावाटे सोडावयाचा, कारण चव म्हणून आपण जिला म्हणतो तिचा बहुतांश नाकाचाच असतो, ही तालीमही तेव्हाचीच.

धार संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले आणि पुढे महसूल खात्यातली माझी नेमणूक कुक्षीस झाली. विंध्याचा उतार संपवून नर्मदेच्या अंगाला गेले की माळव्याचा गारवा मागे राहतो, ताडांची झाडे दिसू लागतात, आणि भिल्ल-भिलालांची वस्ती सुरू होते. त्या मुलखात फिरतीवर असताना डहीच्या आठवडी हाटात मुक्काम पडे. पटवाऱ्याचे दप्तर तपासून झाले, की मी तंबाखूवाल्याच्या गोणपाटापाशी जाऊन उभा राहत असे. तिथे एक वृद्ध भिलाला पान निवडताना मी पाहिला. त्याने जुडी उचलली. वरचे पान न घेता आतले उपसले. मधली शीर नखाने चिरून काढली. उरलेले पान तळहातावर अंगठ्याने चुरले आणि तो हात नाकाशी नेऊन डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. मग खाखऱ्याच्या, म्हणजे आपल्या पळसाच्या, वाळल्या पानात ती चूर गुंडाळून त्याने विडी केली खरी, पण पेटवली नाही. कानावर ठेवली आणि मीठ घ्यावयास निघून गेला. माझ्या खिशात त्या वेळी दिंडिगलचे उत्तम चिरूट होते आणि त्यांच्याविषयी मला पुष्कळ माहिती होती. परंतु पानाचा असा वास मी कधी घेतला नव्हता.

न पेटवता कानावर ठेवलेल्या त्या विडीवरून विजापूरची एक हकिगत मला नेहमी आठवते. अकबराचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास आदिलशाहीतून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नजराणा म्हणून घेऊन. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, बादशहा थांबला. दरबारी उमरावांनी मात्र असद बेगपाशी मागणी लावली, आणि तो शौक इतका पसरला की १६१७ साली जहांगीराला मनाईहुकूम काढावा लागला. अकबराचे वय तेव्हा बासष्टीच्या घरात होते. त्याचे थांबणे हे हकिमाच्या धाकापेक्षा मला वयाचे लक्षण वाटते: नवलाई पाहावी, आणणाऱ्याचे मन राखावे, आणि ताबा कुणाचाच पत्करू नये.

मीही आता त्या वयाच्या जवळ आलो आहे. धूर छातीत न घेतल्याने तोंडाचा आणि घशाचा कर्करोग टळत नाही, हे माझ्या वैद्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले आहे आणि मला ते मान्य आहे. पण चिरूट हातावेगळा होत गेला तो केवळ त्या भीतीने नव्हे. जहाल माल नकोसा झाला, पुढे भेद करण्याची हौसही ओसरली, आणि उरले ते पान. रचलेल्या थप्पीत तंबाखू आपल्याच उष्णतेने तापते, थप्पी मोडून आतली पाने बाहेर व बाहेरची आत घालीत नेली की अमोनियाचा उग्र दर्प उडून जातो, आणि मागे सुकल्या गवताचा, ओल्या मातीचा, किंचित गुळमट असा जो वास राहतो तो काडी लावताक्षणी अर्धा मरतो. हे मला तरुणपणी कुणी सांगितले असते तर मी ऐकले नसते, आणि ऐकावे अशी अपेक्षाही नाही. झुंजीची भूक भागल्याशिवाय पानापर्यंत पोचता येत नाही असे मला वाटते.

दिंडिगलहून पेटी मी आजही मागवतो. आली की झाकण उघडून वरची रांग हलकेच सारतो, तळच्या चिरुटांत वास अधिक कोंडलेला असतो म्हणून. एखादा स्नेही आला तर तो पेटवतो, मी समोर बसतो. मागच्या पेटीतले निम्म्याहून अधिक अजून तसेच पडून आहेत, आणि नव्या पेटीसाठी मनिऑर्डर परवाच रवाना केली आहे.