गोळीवर आळ

मिथाइलफेनिडेट हे नाव आमच्या मोहल्ल्यात कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून सगळे तिला 'ती गोळी' म्हणतात. १९४४ साली सिबा कंपनीतील लिआंद्रो पानित्झोन या रसायनतज्ज्ञाने ती तयार केली आणि बायकोच्या 'रीटा' या लाडक्या नावावरून तिचे रिटालिन झाले. आहे उत्तेजक, पण अतिचंचल मुलाला ती स्थिर करते; लक्ष धरून ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात डोपामिन वाढवते म्हणून. आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला ती सुरू झाली आणि महिन्याभरात त्याने पहिल्यांदा वहीचे एक पान शेवटपर्यंत लिहिले.

आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. तालुक्याला मिळत नाही, मिरजेला जावे लागते. काउंटरवरचा माणूस चिठ्ठी वाचतो, मग आमच्याकडे बघतो. आमच्या नावावर ती नजर जरा जास्त रेंगाळते असे आम्हाला वाटते. अशा वाटण्याला पुरावा नसतो. नातेवाइकांनी तर 'नशे की गोली' असे नावच पाडले होते.

अशात एका संध्याकाळी मुलाचा वरचा ओठ आणि डावी पापणी टम्म सुजली. मुलाची दादी म्हणाली, "मैं बोली थी ना, वो गोलीच खराब है."

डॉक्टरांनी आधी श्वास, जीभ, घसा तपासला. सूज तिथवर गेली असती तर क्षणाचाही उशीर चालला नसता. मग ते म्हणाले, दादींचे अगदीच चुकीचे नाही. या औषधाच्या माहितीपत्रकात ॲलर्जीची अशी सूज नोंदलेली आहे. पण सूज म्हणजे एकच गोष्ट नव्हे. या गोळीने कुणाची बोटे गार पडून पांढरी-निळी होतात, ते रक्तवाहिन्या आखडण्याचे काम. दोन्ही पाय सुजले तर हृदय आणि मूत्रपिंड तपासायचे. सकाळी डोळे फुगले तर लघवी. त्यांनी गोळी थांबवली, लघवी तपासली, ती स्वच्छ निघाली. मग विचारले, त्या दिवशी आणखी काय दिले होते?

ताप होता. बालरोगतज्ज्ञांनी आयबुप्रोफेनचे औषध लिहून दिले होते. हे ऐकताच दादीच बोलली: गेल्या वर्षी तापाचे असेच औषध घेतल्यावर पोराच्या पाठीवर पित्त उठले होते, तिने आमसुलाचे पाणी लावले होते. आम्ही तेव्हा उमऱ्याला गेलो होतो. घरात जुनी बाटली सापडली. तेच औषध.

संशय फिरला, तरी गोळी लगेच सुरू झाली नाही. बारा दिवस ती बंद होती. शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. सिपारा शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांनी निरोप धाडला, बच्चे का दिल नहीं लग रहा. नातेवाईक खूश होते. पोरगा पुन्हा 'पहिल्यासारखा' झाला म्हणून. रात्री त्याने विचारले, "माझी गोळी संपली का?" पहिल्यासारखे असणे त्याला स्वतःला किती जड जात होते, हे कुणी विचारलेच नव्हते.

तेराव्या दिवशी दवाखान्यातच गोळी देऊन त्याला दुपारपर्यंत समोर बसवून ठेवले. ओठ जसाच्या तसा. दर भेटीला नाडी, रक्तदाब, वजन, उंची मोजतात. भूक कमी झाली आहे, त्यावर लक्ष आहे. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने आयबुप्रोफेन लिहून त्यावर फुली मारली आहे. दादीला वाचता येत नाही, म्हणून ती रिकामी बाटली तिने आपल्या पेटीत ठेवली आहे, दुकानदाराला दाखवायला.