कॅरिअरवर काय आहे ते बघ

बल्लारपूर, मे अखेर

चि. बाबू,



तुझ्या वात्रटिका पोचल्या. आधी मी एकटीनं वाचल्या, मग संध्याकाळी ओसरीवर तुझ्या मावसाजींना मोठ्यानं वाचून दाखवल्या. ३ जूनला, जागतिक सायकल दिनाला, तुमच्या पुण्याच्या मंडळात त्या म्हणायच्या आहेत आणि ‘मावशी, खरं खरं सांग’ असं तू वर लिहिलंस, म्हणून खरं सांगते. हेल्मेटवाल्याची फार छान जमली आहे. गप्पा मारत जोडीनं जाणाऱ्यांचीही. पण म्हाताऱ्याच्या सायकलीची, दूधवाल्याची आणि मोळीवाल्याची, या तीन वाचू नकोस. का ते लिहिते. ऊन उतरेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नाही. चंद्रपूरचा पारा ४६-४७ म्हणतात, तेव्हा बल्लारपूरचं वेगळं काय सांगू?

आधी म्हाताऱ्याची. ‘घंटी सोडून सगळं वाजतं’ हा विनोद तुझ्या आजोबांच्या काळीही जुना होता. खिळखिळ्या सायकलीवर लिहायचं तर त्या वाटेवर उर्दूत पितरस बुखारी आधीच जाऊन बसले आहेत. मित्राकडून घेतलेल्या सायकलीनं त्यांच्या निबंधातल्या माणसाची इतकी फजिती होते की शेवटी तो ती नदीत टाकून देतो. त्याहून वेगळं सापडलं तर लिही. आणि ज्या ॲटलसला तू भंगार म्हणतोस, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला तो नेमका ३ जूनलाच. १९५१ पासून ती सायकल घराघरांत होती. त्या दिवशी, त्या मंचावर, त्या नावाला हसणं मला बरं वाटत नाही.

‘सायकलस्वारांचे प्रकार’ असं शीर्षक देऊन तू कंपन्या आणि किमतींवरून माणसं वाटलीस. त्यानं प्रकार कळत नाहीत रे. माणूस सायकलीवर चढतो कसा आणि उतरतो कसा ते बघ, प्रकार आपोआप दिसतात. इथं कागद कारखान्याची पाळी सुटताना रस्त्याच्या कडेला उभा राहिलास तर एका तासात वहीभर मजकूर मिळेल. १९४५ साली ही कंपनी निघाली; तेव्हापासून या गावाचा दिवस भोंग्यावर चालत आला आणि भोंग्यामागं सायकली. आता मोटरसायकली जास्त, तरी जुनी माणसं सायकल सोडत नाहीत. त्यांचं चढणं बघ. डावा पाय पायडलवर, उजव्या पायानं जमिनीला दोन-चार रेटे, आणि चाक चालू लागलं की मगच उजवी टांग मागून कॅरिअरवरून पलीकडे. कॅरिअरवर पोतं असलं की टांग मागून जात नाही, मग तोच माणूस गुडघा पोटाशी घेऊन दांडीवरून पाय काढतो. पँटची उजवी मोहरी मोज्यात खोचलेली, कारण चेन उजवीकडे. डबा हँडलला. कोळसा खाणीतून येणारा वेगळा ओळखू येतो, त्याच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. उतरताना कुणी चालत्या सायकलीवरून अलगद खाली येऊन चार पावलं तिच्याबरोबर धावतो, कुणी ब्रेकवर भरवसा नसल्यानं चप्पल घासत थांबतो. तुझे मावसाजी पहिल्या जातीतले. अजूनही.

रातपाळीवाल्यावर मी एक केली आहे, बघ:

रातपाळी सुटलेला
झोपेतच निघे घरा;
सायकल म्हणे, ‘निज,
रस्ता मला ठावा सारा.’

मावसाजी हे ऐकून हसले आणि म्हणाले, ‘खरं आहे, फाटकापाशी आपोआप पाय टेकायचा.’ ज्याच्यावर लिहिलं त्याच्या तोंडून असं आलं की वात्रटिका पास झाली असं मी धरते.

आणि ही कैची मारणाऱ्या पोराची. सीटवर बसायची उंची नाही, दांडीखालून पाय घालून बापाची चोवीस इंची हाणतो तो. पुण्यात आता लहान मापाच्या सायकली मिळतात, त्यामुळे तुझ्या मंडळातल्या मुलांनी हे पाहिलं नसेल. पण त्यांच्या वडिलांनी केलेलं असेल.

कैची मारत निघाला,
दिसे फक्त एक कान;
गाव म्हणे, ‘लोखंडात
कसा आला बाई प्राण!’

आता दूधवाला आणि मोळीवाला. तू लिहिलंस ते ऐकायला खटकेबाज आहे, शेवटच्या ओळीला टाळी पडेल. पण तू हसतोस कशाला? दूधवाल्याच्या कॅनना, मोळीवाल्याच्या घामाला आणि वाकलेल्या पाठीला. बाबू, माणूस हौसेनं जे करतो, मिरवतो, सवयीनं करत राहतो, त्याला खुशाल हस. जे ओझं त्यानं पोटासाठी घेतलंय त्याला हसू नये. मला विनोदी कवितेतली एवढी एकच मर्यादा ठाऊक आहे, पण ती मी मोडत नाही.

सायकलस्वारावरची जगात गाजलेली विनोदी कविता म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या बँजो पॅटरसनची, मल्गा बिल नावाच्या माणसाची. १८९६ सालची. तेव्हा सायकलीचं वेड तिकडे नवं होतं. हा बिल आपला चांगला घोडा सोडतो, झकपक कपडे चढवतो, चकाकती सायकल विकत घेतो आणि दुकानदाराला छातीठोकपणे सांगतो की चालवता न येणारं असं काही माझ्यासाठी जन्मालाच आलेलं नाही. मग उतार लागतो, सायकल ताब्यात राहत नाही, शेवटी बिल ओढ्यात आणि तिथून परत घोड्यावर. सव्वाशे वर्षं लोक हसतात ते त्याच्या फुशारकीला. तो गरीब असता, ओझं घेऊन उताराला निघाला असता, तर ती कविता एक दिवसही टिकली नसती. आपल्याकडे अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’त कवींची टर उडवली, तीही त्यांच्या लकबींची. लकबी माणसाच्या हातातल्या असतात. मंगेश पाडगावकर, रामदास फुटाणे यांच्या वात्रटिकाही सत्तेला आणि ढोंगाला चिमटे काढतात, म्हणून ऐकणारा मोकळेपणानं हसतो.

मोळीवाल्यावर लिहूच नये असं मी म्हणत नाही. फक्त हसू कुठे पडतं ते बदल. आमच्याकडे बांबूवाल्याचं बघ. हिरवे लांब बांबू सायकलीला समांतर बांधलेले, पुढचं टोक चाकाच्याही पुढे, मागचं रस्त्यावर घासत. माणूस बसत नाही, हँडल धरून बाजूनं चालतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे दृश्य मला गमतीचं वाटलं नसतं, कारण तो माणूस भीत-भीत चालायचा. पुढच्या वळणावर वनरक्षक भेटला तर बांबूही जाणार आणि सायकलही. जंगल ज्याच्या दाराशी, त्यानंच चोरासारखं चालायचं. मग गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली तर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्यात झाड राहिला नाही. सगळीकडे सगळं सुरळीत झालं असं नव्हे, पण बांबू घेऊन ताठ मानेनं जाणारा माणूस मी आता पाहते, आणि त्याच्यावर लिहायला हात धजतो:

टोक एक बाजारात,
दुजे अजून वेशीला;
मोटारवाला विचारी,
‘जागा द्याल का जी मला?’

बघ, ओझं तेच. पण इथं अडलाय मोटारवाला, आणि ‘जी’ त्याला म्हणावं लागतंय. तुझ्या मोळीवाल्याला असं काहीतरी दे.

तू म्हणशील, मावशी गंभीर करून टाकते सगळं. तसं नाही. झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला हसण्याचं वावडं नसतं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव नाटकं, दंडार, खडी गंमत. लहानपणी आम्ही बैलगाडीनं जायचो, भाऊ सायकलींनी, एका सायकलीवर तिघं. खडी गंमतीत समोर बसलेल्यांचीच चेष्टा चालते. पाटील असो, गुरुजी असो, सुटका नाही. ज्याची चेष्टा होते तो तिथंच बसलेला असतो आणि त्यालाच सगळ्यांत जास्त हसू येतं. न आलं तर पुढच्या वर्षी त्या गावाचं बोलावणं येईल का? डॉ. मिर्झा रफी अहमद बेग ‘मिर्झा एक्स्प्रेस’ घेऊन वऱ्हाडभर फिरले. वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्यासमोरच शेतकऱ्यावर बोलायचे आणि तोच पोट धरून हसायचा. पुस्तकात छापून येणाऱ्या विनोदाला ही परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून मला तो पुष्कळदा कच्चा वाटतो. तू मंचावर म्हणणार आहेस, तेव्हा तुझी परीक्षा होणारच.

तुझी हेल्मेटवाल्याची मी इथं पुन्हा उतरवून काढते, कारण लिहिताना मला आनंद होतो:

चढ चढला, थांबला,
पुसे रुमालाने माथा;
घड्याळाला विचारतो,
‘दमलो का रे मी आता?’

फार चांगली. यात तू कपड्यांना हसला नाहीस, हौशी माणसाच्या एका सवयीला हसलास, आणि त्या सभेत ज्यांच्या मनगटावर तसं घड्याळ असेल ते सगळे आधी हसतील. पण हिच्या पाठोपाठ तंग कपड्यांवरची जी आहे, त्या तिघींखेरीज तीही काढ. ते कपडे मिरवायला नसतात. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीत एकटे उतरले. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत. असा माणूस धोतर नेसून जाणार का? हौस आणि तपश्चर्या यांतला फरक तुला कळतो, तू स्वतः पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातोस.

जोडीनं जाणाऱ्यांच्या वात्रटिकेत दुसरी ओळ लंगडते आहे. मी अशी केली, पटली तर ठेव:

दोघे शेजारीशेजारी,
पायडल हळूहळू;
मागे एसटी बिचारी
म्हणे, ‘झालं की मी बोलू?’

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकली. तुझ्या इतक्या स्वारांत एकही बाई नाही, एकही मुलगी नाही. इकडे ये एकदा, शाळा सुटायच्या वेळी गोंडपिपरीकडं किंवा वर्धा नदीपलीकडं राजुऱ्याकडं जाऊ. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. दोन वेण्या, ओढणी कमरेला गुंडाळून मागं गाठ मारलेली, म्हणजे चाकात जात नाही. आपल्या घरात माझी मोठी बहीण सातवीनंतर शाळेत गेली नाही, कारण शाळा दूर आणि एकटी जाणार कशी. तिच्या नातीच्या वयाच्या या मुली रस्ता अडवून ओळीनं जातात तेव्हा मी घंटी ऐकूनसुद्धा मुद्दाम बाजूला व्हायला वेळ लावते, जरा जास्त वेळ बघायला मिळावं म्हणून.

शाळा सुटली, निघाल्या
पाच जणी एका ओळी;
चेन एकीची पडली,
वंगणात न्हाली टोळी.

हे अगदी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकीची चेन उतरली की बाकीच्या चौघी निघून जात नाहीत. एक मागचं चाक उचलून धरते, एक काडीनं चेन दात्यावर बसवते, एक पायडल हातानं उलटं फिरवते, आणि उरलेली हुकूम सोडते. शेवटी हात पुसायला कुणाची तरी वही फाटते.

आणि कोंबडेवाला! तो तर तुला पुण्यात मिळणारच नाही. बाजाराच्या दिवशी काखेत कोंबडा मारून एका हातानं सायकल चालवतो. कोंबडा शहाण्यासारखा पुढं बघत असतो.

काखेत कोंबडा घट्ट,
एक हात हँडलाला;
वळणावर कोंबडा
मान काढी इशाऱ्याला.

ही तुला दिली. तुझ्या नावानं म्हण, माझी काही हरकत नाही.

म्हणताना एक कर. शेवटच्या ओळीआधी थांबू नकोस. अष्टाक्षरीला स्वतःची चाल असते, तू मध्ये थांबलास की श्रोत्यांना कळतं आता हसायचं आहे, आणि मग ते उपकार केल्यासारखं हसतात. सरळ म्हणून टाक आणि पुढच्या स्वाराकडे वळ.

दूधवाल्याची नवी केलीस की सभेच्या आधी तुमच्या गल्लीतल्या दूधवाल्याला वाचून दाखव, सकाळी त्याला घाई असते तेव्हा नको, दुपारी हिशेबाला येतो तेव्हा. कोणत्या ओळीला हसला आणि कोणत्या ओळीला गप्प बसला ते मला कळव. मोळीवाल्याची जमली नाही तर राहू दे, त्या जागी बांबूवाला म्हण.

मावसाजींनी आशीर्वाद सांगितले आहेत. पाऊस लागल्यावर यायचं म्हणतोस तर जून संपायच्या आत ये. नंतर वर्धा चढली की राजुऱ्याचा पूल बुडतो आणि मग तुला पलीकडे नेता येणार नाही. तुझ्यासाठी सायकल काढून ठेवली आहे. टायर-ट्यूब नवे घातलेत, फक्त सीट तुझ्या उंचीला वर घ्यायची आहे.

तुझी,
मावशी