सायकलीचा ताळेबंद

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला काही ना काही सुचतंच. आमच्या शाखेतले एकजण बासरी शिकू लागले आणि त्यांचे शेजारी दुसरं घर शोधू लागले. मला सायकलीची फ्रेम करावीशी वाटली. सायकल नव्हे हो, ती दुकानात कुणीही घेतो. फ्रेम! नळ्या कापून, सांधून, स्वतःच्या हातांनी.

कारण विचाराल तर साधं आहे. बावीस वर्षं मी बँकेत कारकुनी करतोय आणि एवढ्या काळात हाताला लागेल अशी एकही वस्तू मी बनवलेली नाही. पूर्वी निदान बेरजा तरी करायचो. आता त्याही संगणक करतो. मी फक्त 'सर्व्हर डाऊन आहे' एवढं सांगतो.

सौ.ला सांगितलं. तिने आमटी ढवळणं थांबवलं नाही. मी किर्लोस्करांचा दाखला दिला : लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचंच दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली! "ते सायकलीवरून नांगरावर गेले," सौ. म्हणाली, "तुम्ही खुर्चीवरून कुठे निघालात?" मग मी पुण्याच्या शशिशेखर पाठकांकडे वळलो. हवाई दलातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी बांबूच्या सायकली बनवल्या आहेत. पण बांबू म्हटल्याबरोबर सौ.ने कानांवर हात ठेवले. आमच्या घरी बांबू एकाच प्रसंगी येतो.

तेव्हा लोखंड ठरलं.

माझी बदली त्या वेळी चकलांब्याला होती. "हे कुठे आलं?" असं पुण्याचे नातेवाईक विचारायचे. गेवराई तालुका, बीड जिल्हा. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, असंही मी जाता जाता अभिमानाने सांगत असे. तिथे वेल्डिंगचं एक दुकान होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या गाड्या दुरुस्तीसाठी दारात उभ्या असायच्या. माणसं कारखान्यांवर गेली की दुकान मोकळं. मी तेवढ्यात गाठलं.

मिस्त्रींनी मला पाहताच ओळखलं. ओळखणारच! मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटाचं पन्नास हजारांचं कर्ज मागायला ते चारदा आमच्या खिडकीशी आले होते. चारही वेळा फायलीवर 'त्रुटी' हा शब्द मी लिहिला होता. एकदा फोटो जुना, एकदा आडनावातली वेलांटी आधारकार्डाशी जुळेना. उरलेली दोन कारणं आता मलाही आठवत नाहीत, यावरून ती किती महत्त्वाची असतील ते बघा. पाचव्यांदा ते आलेच नाहीत.

"या सायेब," एवढंच म्हणाले.

भंगारातल्या दोन सायकलींच्या नळ्या आणि त्या जोडणारे लग घेतले. सांध्याला टाकणखार लावायचा, गॅसच्या ज्योतीने तापवायचं आणि पितळेची कांडी टेकवायची. नऊशे अंशांच्या आसपास पितळ वितळतं आणि फटीत शिरतं. गंमत म्हणजे ते उष्णतेच्या मागे धावतं, ठेवी व्याजदरामागे धावतात तसं. नळी लाल झाली पाहिजे, पांढरी होता कामा नये. लाल आणि पांढऱ्याच्या मधे जो एक क्षण असतो, तो बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

माझा पहिला सांधा मिस्त्रींनी पकडीत धरला, नळीत लांब पाइप घालून एक हिसका दिला. कट्! मग त्यांनी शांतपणे शेलखडी उचलली आणि तुकड्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'त्रुटी'.

दुसऱ्या रविवारी, त्रुटी. चौथ्या शनिवारी, त्रुटी. मी चिडलो. "अहो, थोडं चालवून घ्या की!"

"तुमचा कागद चुकला तर फाडता येतोय, सायेब. हे चुकलं तर दात पडतेत."

यावर बोलायला मला काही सुचलं नाही. चौथा सांधा टिकला. ते काहीच बोलले नाहीत. एक चहा मात्र सांगितला.

फ्रेम उभी राहिली तेव्हा मिस्त्रींनी दोरी आणली. मागच्या चाकाच्या खाचेतून निघून पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून पलीकडच्या खाचेत. मग बसकीखालच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. डावी-उजवी जुळली तर फ्रेम सरळ. आयुष्यभर डावी-उजवी जुळवली, पण ती अशी दोरीवर कधी पाहिली नव्हती! फरक आला आठ मिलिमीटर.

"सस्पेन्स खात्यात टाकू," मी म्हणालो.

"हिला तसलं खातं नसतंय."

मागचे दांडे हळूहळू वाकवत फरक शून्यावर आणायला दोन रविवार गेले. मार्चअखेरीलाही मी इतका घामाघूम झालो नाही.

पुढच्या रविवारी चाकं चढली. सोमवारी मी त्या सायकलवरून बँकेत गेलो. शिपायाशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तोही म्हणाला, "सायेब, जुनी घेतली का?" संध्याकाळी मुद्राचा कोरा अर्ज पिशवीत टाकला आणि दुकानाकडे निघालो. दारातल्या भंगाराच्या ढिगाने मला थांबवलं. उठलो, धूळ झटकली आणि अर्ज पुढे केला.

"मिस्त्री, आज इथेच बसून भरू. वेलांटी मी बघतो."

त्यांनी हात पुसले, अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

"भरू की," ते म्हणाले, "पण आधी ब्रेक बसवून घ्या."