बुधवारी पैसे मिळतील

सांगलीच्या एका सहकारी बँकेत मी क्लिअरिंगला बसायचे, तेव्हा हिशेब सोपा होता. चेक वटला की पैसे. बाहेरगावचा चेक असला तर खातेदार येता-जाता डोकावायचा, "मॅडम, आला का?" आणि तो येईपर्यंत खात्यात दमडी दिसायची नाही. पुढे न्यू जर्सीत आले, इथल्या एका बँकेच्या शाखेत टेलर म्हणून लागले आणि ट्रेनिंगमध्येच ही सवय मोडावी लागली. इथे चेक वटो न वटो, ठरलेल्या दिवशी ते पैसे खातेदाराला वापरू द्यावेच लागतात. कायदाच तसा आहे.

ऐंशीच्या दशकात इथल्या बँका चेकचे पैसे आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त अडकवून ठेवत. ओरड झाली, १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि सप्टेंबर १९८८ पासून फेडरल रिझर्व्हची 'रेग्युलेशन सीसी' लागू झाली. आमच्या तोंडी नुसतं 'रेग सीसी'. काउंटरवर भरलेली रोकड, सरकारी ट्रेझरीचा चेक, त्याच बँकेवरचा चेक यांचे पैसे पुढच्या कामाच्या दिवशी. नावावर आलेला कॅशियर्स चेक खातेदाराने स्वतः काउंटरवर भरला तर त्याचेही. बाकीच्या चेकना आणखी एक दिवस, पण त्यातली थोडी रक्कम आधीच मोकळी करायची. पूर्वी लांबच्या चेकना पाच दिवस मिळत; चेक विमानाने जायचे. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर आली आणि चेकच्या थैल्या जिथल्या तिथे पडल्या, तेव्हा कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवर काम भागवण्याचा कायदा मार्गी लागला. २०१० पासून तर देशातला प्रत्येक चेक 'स्थानिक'च धरला जातो.

नियम पाठ असणं वेगळं आणि समोरच्या माणसाला ते सांगणं वेगळं. आयडा वादळाने २०२१ च्या सप्टेंबरात आमच्याकडे तळघरं भरली. ८ ऑक्टोबरला, शुक्रवारी, एक ओळखीचे काका विम्याचा चेक घेऊन आले. चौदा हजार तीनशे डॉलर. तळघरातली भट्टी गेलेली, थंडी तोंडावर, ठेकेदार आगाऊ रक्कम मागत होता.

"मंगळवारी २२५ मिळतील काका, बुधवारी आणखी ५,३००. उरलेले ८,७७५ वीस तारखेला."

"अगं, विमा कंपनीचा चेक आहे, कुणा भुरट्याचा नाही!"

एका दिवसात ५,५२५ डॉलरच्या वर चेक भरले, तर वरची रक्कम जास्त दिवस रोखायची मुभा तेव्हा बँकेला होती. काका बोटांवर मोजायला लागले. शनिवारी शाखा उघडी असते ना? असते, पण रेग सीसीच्या लेखी शनिवार कामाचा दिवस नाही. मग सोमवार? सोमवारी कोलंबस डेची सुट्टी.

"म्हणजे त्या कोलंबसानेही माझेच पैसे अडवले!" रांगेतले दोघे-तिघे वळून बघायला लागले, इतक्या मोठ्याने ते म्हणाले.

पैसे रोखायचे तर कारण आणि मिळण्याची तारीख लिहून द्यावीच लागते, तशी चिठ्ठी मी छापून दिली. तीच कामाला आली. ठेकेदाराने ती तारीख बघितली आणि पाच हजारांवर काम सुरू करायला तयार झाला. सांगलीत मी कुणाला असं तारखेनिशी लिहून देऊ शकले नसते. या कायद्याचं मला सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ही चिठ्ठी.

पण त्याला एक भोक आहे, आणि ठगांना ते आमच्याआधी कळतं. आमच्याकडे खातं असलेला नाशिकचा एक विद्यार्थी घर बदलताना टेबल विकत होता. दीडशे डॉलरच्या टेबलासाठी त्याला २,४०० चा कॅशियर्स चेक आला. वरचे पैसे सामान हलवणाऱ्याला मोबाइलवरून पाठव, अशी विनंती. त्याने दुसऱ्या शाखेत चेक भरला. पुढच्या दिवशी ॲपवर रक्कम 'उपलब्ध' दिसली. त्याने पैसे पाठवले. काही दिवसांनी चेक परत आला आणि खातं उणे झालं.

चेकची प्रत मी पाहिली. खाली नऊ आकडी रूटिंग क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन आकडे फेडरल रिझर्व्हचा विभाग सांगतात. वर ओहायोतल्या एका छोट्या बँकेचा पत्ता, म्हणजे ०४ हवं. खाली १२ होतं, सॅन फ्रान्सिस्कोचं. चेक आधी भलत्याच दारी जाऊन यावा म्हणून हा उद्योग.

संध्याकाळी मुलाने वडिलांना फोन लावून मला दिला. "ताई, पैसे तुमच्या बँकेनेच दिले ना? मग आता परत कसे मागता?"

"दिले, कारण त्या तारखेला द्यावेच लागतात. चेक खरा आहे असं बँकेने कुठेच म्हटलेलं नाही. तो खोटा निघाला तर भरपाई भरणाऱ्याच्याच माथी."

"आपल्याकडे तर वटल्याशिवाय हातच लावू देत नाहीत."

ते खरंच होतं. मी त्यांना पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं आणि उणे रक्कम हप्त्यांनी फेडता येईल का, ते मॅनेजरला विचारलं. हप्ते मिळाले. सामान हलवणारा अर्थातच कुणी नव्हता.

महागाईनुसार रेग सीसीतले आकडे दर पाच वर्षांनी बदलतात. १ जुलै २०२५ पासून २२५ चे २७५ झाले आणि ५,५२५ चे ६,७२५. नवी पत्रकं काउंटरवर लागली. खोटे चेक अनेकदा मोठ्या रकमेच्या मर्यादेच्या जरा खालीच असतात, हे आम्हा टेलर मंडळींना ठाऊक होतं. त्या महिन्यात माझ्या खिडकीवर आलेला पहिला संशयास्पद चेक ६,६०० डॉलरचा होता.