डान्सहॉल ऐकावा, पण प्रश्न विचारत ऐकावा

नव्वदच्या दशकातला जमैकाचा डान्सहॉल आम्ही आवडीने ऐकतो. शबा रँक्स, बुजू बांटन, लेडी सॉ. आमच्यातलेच वाचणारे मित्र म्हणतात, 'हे कसले रेगे? रेगे म्हणजे बॉब मार्ले.' खरे आहे, मार्ले भिंतीवर लावायला सोपा जातो.

डान्सहॉल वाढला किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, रस्त्यावर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीसमोर. तिथे रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर. माइक घेऊन ठेक्यावर बोलणारा तो डीजे. ठेक्याला म्हणतात रिडिम, आणि एकाच रिडिमवर कितीतरी जण आपापले गाणे बांधतात. सिनेमाच्या चालीवर भीमगीते गाणाऱ्या आपल्या गायनपार्ट्यांना यात नवल वाटणार नाही. भाषा पात्वा, 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवली गेलेली. त्याच भाषेत शबाने १९९२ आणि १९९३ असे लागोपाठ दोन ग्रॅमी मिळवले. तिथल्या सभ्य लोकांनी या संगीताला गोंगाट आणि अश्लील म्हटले. जयंतीच्या डीजेवर नाक मुरडणारे आपल्याला ठाऊक आहेतच.

पण बुजूचे १९९२ साली गाजलेले 'बूम बाय बाय' समलिंगी पुरुषांना गोळ्या घालायला सांगते. काही तरुण म्हणतात, 'तेही शोषित, ती त्यांची संस्कृती, आपण कोण बोलणारे?' हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. 'ही आमची संस्कृती' हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी पाणवठ्यावर ऐकले आहे. शिवाय समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारा जमैकाचा कायदा १८६४ चा, इंग्रजी राजवटीतला. आपले कलम ३७७ ही त्याच राजवटीची देणगी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते समलिंगी संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला. मग आपण कुठल्या तोंडाने त्या गाण्यावर नाचायचे?

बुजूला आम्ही टाकलेले नाही. त्याचा १९९५ चा 'टिल शायलो' आजही ऐकतो. २०१९ मध्ये त्याने ते गाणे स्वतःच मागे घेतले. उशिराच, पण घेतले.

आमच्या वस्तीत जयंतीच्या बैठकीत आवाज किती ठेवायचा यावर तासभर वाद होतो. गाण्यांत बायकांविषयी काय म्हटले आहे, हे यंदा आम्ही विचारले. तीन गाणी यादीतून गेली. चौथ्यावर अजून भांडण चालू आहे.