ताई, ते मशीन मागवू नकोस

ती. ताईस,


हायड्रोजन हुंगून अर्धांगवायू बरा होतो म्हणतात, भाऊजींसाठी ते मशीन घेऊ का, असं तू विचारलंस. नको घेऊस. पण त्यामागचं संशोधन खोटं नाही, म्हणून सगळं नीट लिहितो.

मेंदूचा तुटलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना पेशींत काही घातक रेणू तयार होतात. हायड्रोजन त्यांना निष्प्रभ करतो, असं जपानच्या शिगेओ ओहता यांच्या चमूला 2007 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत आढळलं. मग तिथल्याच नुमाझू शहरातल्या निशिजिमा रुग्णालयाने माणसांवरची सुरक्षितता चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला रुग्ण किती? तीन! मास्कमधून अर्धा तास तीन-चार टक्केच हायड्रोजन दिला, कारण हवेत चार टक्क्यांच्या वर गेला की तो पेट घेऊ शकतो. नाडी, रक्तदाब, तापमान यांवर नजर ठेवली, पुन्हा पुन्हा रक्त काढून त्यात वायू किती उतरला ते मोजलं. अपाय दिसला नाही. नंतरच्या रुग्णांत मात्र रक्तातलं प्रमाण एकसारखं येईना, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. ही सचोटी मला फार मोलाची वाटते.

2017 मध्ये 50 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या 25 जणांना सात दिवस, रोज दोनदा, तासभर हायड्रोजन दिला. निकाल आशादायक होता, पण रुग्ण मूठभर, आणि सगळे नुकताच झटका आलेले. भाऊजींना तर वर्ष होऊन गेलं.

अपाय झाला नाही म्हणजे गुण आला, असं होत नाही गं. ऑक्सिजनचंच बघ. रक्तातला ऑक्सिजन कमी नसतानाही पक्षाघाताच्या रुग्णांना तो सरसकट द्यावा का, हे ब्रिटनमध्ये 8,003 रुग्णांवर तपासलं. फायदा दिसला नाही. विश्वास कितीही असो, मोजल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा ते पैसे फिजिओथेरपीला लाव. भाऊजींचा व्यायाम आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. आणि घरात कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर घड्याळात वेळ बघ आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. एवढं सगळ्यांना सांगून ठेव.

तुझा धाकटा भाऊ